पानिपतच्या बारगिराला पोत देताना

दिल्ली-एनसीआरमधल्या गेम आर्ट स्टुडिओंत नोकरी मागणारे पोर्टफोलिओ पाहत गेले, की काही पात्रे पुन्हा पुन्हा भेटतात. सामुराई, ऑर्क, पोलादी चिलखतातला युरोपीय सरदार, गंजलेला रोबोट. काम वाईट असते असे नाही. पण या पात्रांचे पोत इतक्या जणांनी इतक्या वेळा केलेले आहेत, की शिकणारा नकळत दुसऱ्याच्या चित्रावरून चित्र काढतो. कातडे, सूत, लोखंड यांच्याकडे स्वतः पाहायची वेळच त्याच्यावर येत नाही. म्हणून टेक्श्चरिंग शिकायला बसलेल्या मराठी मुलामुलींना मी एक वेगळे पात्र सुचवतो: १७६०-६१ च्या हिवाळ्यात पानिपतात अडकलेला साधा बारगीर. भाऊसाहेब नकोत, विश्वासराव नकोत, जनकोजी शिंदेही नकोत. ज्याचा स्वतःचा घोडासुद्धा नाही, सरकारी घोड्यावर बसून चाकरी करणारा माणूस हवा.

सोय अशी, की पानिपत एनसीआरमध्येच येते. दिल्लीहून जीटी रोडने साधारण नव्वद किलोमीटर. दुसरे म्हणजे या एका देहावर शिकण्याजोगे जवळपास सगळे पदार्थ आहेत: त्वचा, केस, सूत, लोकर, कातडे, लोखंड, पितळ. तिसरे कारण महत्त्वाचे. या माणसावर काय काय गुदरले ते आपल्याला ठाऊक आहे, आणि पोत रंगवायला तेवढेच लागते.

नोकरीचे गणितही सांगून टाकतो. गुडगावात २००४ साली सुरू झालेली लक्ष्य डिजिटल ही भारतातल्या जुन्या गेम आर्ट कंपन्यांपैकी एक; २०१४ मध्ये ती आयर्लंडच्या कीवर्ड्स स्टुडिओजने विकत घेतली. परदेशी गेमांसाठी पात्रे, शस्त्रे, वाहने करून देणे हा या धंद्याचा कणा. असे काम गोपनीयतेच्या कराराखाली चालते. तुम्ही रंगवलेले बूट गेम बाजारात येईपर्यंत कुणाला दाखवता येत नाहीत, आणि कधीकधी त्यानंतरही नाही. पहिली नोकरी मिळवताना आणि दुसरी शोधताना हाताशी असतो तो स्वतःच्या वेळात केलेला नमुना. तो नीट निवडलेला बरा.

आधी पाहणे

मराठे नोव्हेंबर १७६० च्या आरंभी पानिपतात तळ देऊन बसले. दक्षिणेकडची वाट अब्दालीने अडवलेली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली. १४ जानेवारी १७६१ ला फौज मैदानात उतरली ती उपाशीपोटी. म्हणजे आपला बारगीर दोन महिन्यांहून जास्त काळ एकाच जागी, उत्तरेच्या थंडीत, बहुधा त्याच कपड्यांत राहिलेला आहे. एवढी माहिती कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न टाका: याची खूण अंगावर कुठे दिसेल? थंडी: फुटलेले ओठ, उललेल्या टाचा, अंगावरून न उतरणारे घोंगडे. उपास: खोल गेलेले डोळे, त्याखालचा काळेपणा. तळावरचे जिणे: शेकोटीचा धूर, राख, घोड्याचा घाम.

मग संदर्भ गोळा करा. पानिपतच्या लढाईचे, १७७० च्या सुमारास फैजाबाद शैलीत काढलेले मोठे चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या प्रती इंटरनेटवर सहज सापडतात. पोशाखाची ठेवण आणि गर्दीतले रंग यांसाठी ते उपयोगी आहे, कापडाच्या विणीसाठी नाही. विणीसाठी आणि झिजेसाठी खऱ्या वस्तूच पाहायला हव्यात. जनपथवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात जुन्या शस्त्रांचा मोठा संग्रह आहे. सोमवारी ते बंद असते, आणि निघण्याआधी शस्त्रांचे दालन उघडे आहे ना हे विचारून घ्या. तिथे तलवारीच्या पात्यापेक्षा मुठीपाशी जास्त वेळ थांबा. हाताच्या घर्षणाने लोखंड कुठे गुळगुळीत झाले आहे, खाचेत काळे काय साचले आहे, पितळेचा मुलामा कुठे उडाला आहे, ढालीच्या कातड्यावरची चमक फुल्यांच्या भोवती कशी बदलते, हे सगळे वहीत टिपून घ्या. सुटीत पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय चुकवू नका. रोजच्या वापरातल्या वस्तूंचे झिजणे तिथे जितके पाहायला मिळते तितके क्वचितच कुठे मिळेल.

फोटो काढायला दिल्लीचा हिवाळा चांगला. एरवी आपण ज्या धुरक्याला शिव्या घालतो ते उन्हाची धार बोथट करते, सावल्या मऊ पडतात, आणि पोतासाठी हवा असतो तो हाच सपाट प्रकाश. जूनमधल्या दुपारचा फोटो या कामाला निरुपयोगी, कारण त्यात कपड्याचा रंग कमी आणि उन्हाची सावलीच जास्त असते. मात्र धुरक्याने रंग पिवळट होतात. पहिल्या फोटोत एक करडे कार्ड धरा आणि पुढच्या सगळ्या फोटोंचा रंगतोल त्यावरून दुरुस्त करा. माणसांचे फोटो विचारूनच काढा.

आता एक चमचाभर काम. काला आंबचे युद्धस्मारक पाहायला पानिपतात जाल तेव्हा आसपासच्या शेताच्या कडेची चिमूटभर माती कागदात बांधून आणा. ती फिकट, करड्या-पिवळसर गाळाची माती आहे. देशावरून आलेला हा माणूस काळ्या मातीतला. पण दोन महिन्यांनी त्याच्या अंगावर धूळ असणार ती हरियाणाची. तपकिरी रंगाची तयार 'डर्ट' थापून मोकळे होणाऱ्याला हे कधी सुचत नाही.

मॉडेल आणि बेतणी

टेक्श्चर शिकताना मॉडेलिंगही त्याच वेळी शिकायचा हट्ट धरू नका. ब्लेंडरच्या संकेतस्थळावर मानवी देहाची मूळ मॉडेले सीसी-झिरो परवान्याखाली मोफत मिळतात. त्यावर अंगरखा, चोळणा, पागोटे, शेला, घोंगडे, तलवार, ढाल एवढे चढवा, किंवा मॉडेलिंग करणाऱ्या मित्राशी भागीदारी करा. दोन प्रती लागतात: बारकाव्यांनी भरलेली हाय-पॉली आणि गेममध्ये पळणारी हलकी लो-पॉली.

लो-पॉलीचे यूव्ही उलगडणे म्हणजे शिंप्याने कापड बेतणे. शिवण कुठे घ्यायची हे आधी ठरते आणि ती जिथे डोळा जात नाही तिथे घ्यायची. पायाची शिवण आतल्या बाजूने, हाताची काखेपासून खाली, डोक्याची मागून. अंगरख्याला तर खऱ्याच शिवणी असतात, तिथेच यूव्हीची शिवण लपवा. उलगडलेल्या तुकड्यांवर चौकटींचा नमुना टाकून बघा. चौकटी ताणल्या किंवा वाकल्या तर कपडाही तसाच ताणलेला दिसेल. सरळ पट्ट्या, म्हणजे शेल्याचा काठ किंवा पडदाळ, या यूव्हीतही सरळच ठेवा. तिरकी पडलेली बारीक रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते.

किती पिक्सेल द्यायचे? आरंभाला एक सोयीचा आकडा धरा: मीटरमागे १०२४ पिक्सेल. या दराने २०४८ बाय २०४८ च्या एका पानावर चार चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. तुकड्यांच्या मधली जागा वजा जाता तीनच्या आसपास. पुरुषाच्या अंगाची त्वचा पावणेदोन-दोन चौरस मीटर असते. कपड्यांखाली झाकलेला देह काढून टाकला (आणि तो काढायचाच), तर कपडे आणि हातपाय मिळून एका पानात बसतात. डोक्याला वेगळे पान आणि दुप्पट घनता द्या, कारण खेळणारा चेहऱ्याकडेच पाहतो. तलवार, ढाल, भाला यांचे तिसरे पान. तळव्यांवर आणि अंगरख्याच्या आतल्या बाजूवर पिक्सेल उधळू नका.

डावे-उजवे सारखे म्हणून अर्धाच देह रंगवून आरशात पाहिल्यासारखा पलटायची युक्ती पायताणांना, ढालीच्या फुल्यांना चालेल. चेहऱ्याला आणि अंगरख्याला नाही. घोडेस्वाराची झीज एकांगी असते, ते पुढे येईलच. ज्या तुकड्यांचे यूव्ही एकमेकांवर आहेत त्यांतला एक बेकिंगपुरता चौकटीबाहेर बरोबर एक घर सरकवा.

बेकिंग

पृष्ठभागावर चित्र चिकटवण्याची कल्पना एड कॅटमुल यांनी १९७४ मध्ये युटा विद्यापीठातल्या प्रबंधात मांडली. चार वर्षांनी जिम ब्लिन यांनी दाखवले, की पृष्ठभाग न हलवता फक्त त्याच्यावरचा उजेड फसवला तरी सुरकुत्या दिसतात. आजचा नॉर्मल मॅप त्याच घराण्यातला. हाय-पॉलीतले बारकावे लो-पॉलीच्या पानावर उतरवणे, हे बेकिंग. ते ब्लेंडर, सबस्टन्स पेंटर किंवा मार्मोसेट टूलबॅग यांत कुठेही करता येते.

इथे गडबड होते ती ठरावीक ठिकाणी. एक म्हणजे शेजारच्या वस्तूची सावली अंगावर उमटणे: शेल्याचा ठसा अंगरख्यावर, मिशीचा ओठावर. उपाय नावांत आहे. हाय आणि लो या दोन्ही प्रतींत प्रत्येक भागाला तेच नाव आणि शेवटी लो किंवा हाय असा प्रत्यय द्या, आणि नाव जुळेल त्यावरच बेक कर असे सॉफ्टवेअरला सांगा. नावे रोमन लिपीत, रिकाम्या जागांशिवाय. दुसरे, ज्या कडेला तुम्ही शेडिंग तोडले आहे तिथे यूव्हीही तुटलेले हवेत, नाहीतर काळी रेघ येते. तिसरे, तुकड्यांच्या भोवती आठ ते सोळा पिक्सेलांची पडदी सोडा. पात्र दूर गेले की गेम लहान आकाराची प्रत वापरतो आणि शेजारचा रंग आत झिरपतो.

चौथी गोष्ट हिरव्या चॅनलची. अनरियल इंजिन नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनल डायरेक्टएक्सच्या रीतीने वाचते. युनिटी आणि ब्लेंडर ओपनजीएलच्या. उलटा पडला तर ढालीच्या फुल्या वर येण्याऐवजी आत दबलेल्या दिसतात. वरून एकच दिवा टाकून पाहा, लगेच कळते.

नॉर्मलबरोबर एओ (खाचांतल्या सावलीचा), कर्व्हेचर, थिकनेस, पोझिशन आणि आयडी हे मॅपही काढून ठेवा. आयडी मॅपने सूत, कातडे, लोखंड असे भाग एका टिचकीत वेगळे निवडता येतात.

रंगाआधी चमक

बहुतेक जण इथे पोचताच सुंदर रंग शोधू लागतात. मी म्हणेन, थोडे थांबा. सगळ्या भागांना एकच मध्यम करडा रंग द्या आणि फक्त रफनेस व मेटॅलिक ठरवा. या अवस्थेत दिवा फिरवल्यावर कोणते सूत, कोणते कातडे, कोणते लोखंड हे ओळखू आले पाहिजे. नाही आले तर रंग चढवून ते झाकले जाईल, सुधारणार नाही. नवशिक्याच्या आणि जाणत्याच्या कामातला फरक मला सर्वांत आधी रफनेसमध्ये दिसतो.

रफनेस शून्य म्हणजे आरसा, एक म्हणजे खडू. माझे सुरुवातीचे अंदाज असे: वापरातले सुती कापड ०.८ ते ०.९, घोंगडे त्याहून वर, तेल लावलेले कातडे ०.४ ते ०.६, घासलेले पाते ०.२ ते ०.३५. हे फक्त आरंभ. एकाच आकड्यावर अख्खा भाग सोडला तर तो प्लॅस्टिकचाच दिसतो. प्रत्येक पदार्थाच्या आत रफनेस हलता हवा.

मेटॅलिक मात्र हलता नको. वस्तू धातूची असेल तर एक, नसेल तर शून्य. डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या ज्या मॉडेलवर आजचा बहुतेक सगळा पीबीआर, म्हणजे भौतिकीवर आधारलेल्या रेंडरिंगचा, व्यवहार उभा आहे, त्याच्या मुळाशी हा भेद आहे: अधातू समोरून येणाऱ्या उजेडापैकी चारेक टक्केच चमक म्हणून परत फेकतो, तोही बिनरंगी, धातू बहुतेक सगळा फेकतो, आणि स्वतःच्या रंगात. गंज मात्र अधातू. लोखंडावर गंज रंगवताना मेटॅलिक एकवरच ठेवला की गंजाऐवजी तांब्याचा पत्रा तयार होतो. ही चूक इतकी सर्रास आढळते, की आर्ट टेस्ट तपासणारे आधी तिथेच बघतात.

बेस कलरच्या मर्यादा पाळा. ० ते २५५ च्या मापात अधातूचा काळा तीसच्या खाली आणि पांढरा दोनशेचाळीसच्या वर जाऊ देऊ नका. घोंगडे कितीही काळे असले तरी कोळशाहून काळे नाही. घासलेले लोखंड १९५-२०० च्या आसपासचे करडे. अंधारी काळपट तलवार हवी असेल तर काळेपणा मळाचा आणि गंजाचा असू द्या, धातूचा नव्हे. बेस कलरमध्ये उजेड-सावली रंगवू नका. ते काम इंजिनाचे आहे. हाताने रंगवलेल्या शैलीचे गेम याला अपवाद. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा २०२० चा गेम पहाडी चित्रशैलीकडून खूप काही घेतो. ती वाट वेगळी आणि मोहक आहे. पण आधी पदार्थ ओळखता आला, तर शैलीही जास्त आत्मविश्वासाने करता येते.

सावळी त्वचा

या लेखातला सर्वांत मोठा भाग हाच असायला हवा, कारण शिकवणारे इथेच कमी पडतात. बहुतेक धडे गोऱ्या चेहऱ्यावर बेतलेले असतात: कपाळ पिवळसर, गाल-नाक लालसर, हनुवटी निळसर, आणि वर लालीचे शिंतोडे. सावळ्या चेहऱ्यावर तोच उतारा चालवून सगळे गडद केले की माणूस जांभळट, तब्येतीने आजारी दिसतो. काही जण गोऱ्या त्वचेवर तपकिरी रंग गुणून मोकळे होतात. तो चेहरा मातीचा होतो.

आपल्याकडच्या चेहऱ्यात फरक घडवते ते मुख्यतः रंगद्रव्य. डोळ्यांभोवती, तोंडाच्या कडेला, मानेच्या वळ्यांत, कोपरांवर, बोटांच्या पेरांवर त्वचा जास्त गडद असते. तळहात, तळपाय, नखांखालचा भाग फिके. वरचा ओठ बऱ्याचदा खालच्यापेक्षा काळसर, आणि खालच्या ओठाच्या आतल्या कडेला गुलाबी. लाली असते, पण खाली दबलेली: कानाच्या पाळीत, नाकपुडीच्या कडेला, डोळ्याच्या कोपऱ्यात. म्हणून थर असे रचा: तळाशी मध्यम गव्हाळ-सावळा रंग, त्यावर अगदी हलक्या अपारदर्शकतेने मोठे, मऊ, उबदार आणि थंड डाग, मग लालीचा थर, मग गडद भागांचा, शेवटी तीळ, वांग, देवीचे व्रण. हो, देवीचे व्रण. एडवर्ड जेनरची लस १७९६ ची. १७६१ मधल्या एखाद्या बारगिराच्या गालावर ते असणे अगदी स्वाभाविक, आणि गेमच्या पात्रांवर ते जवळजवळ कधीच नसतात. खड्डे नॉर्मल मॅपमध्येही हवेत, नुसत्या रंगात नाही.

मग ऊन. पागोट्याखालचा कपाळाचा वरचा पट्टा फिका, त्याखाली एकदम रापलेला रंग. मानेवर अंगरख्याच्या गळ्याची रेघ. मनगटापाशी बाहीची.

सावळ्या त्वचेवर रफनेसला जास्त वजन येते. परावर्तित उजेड गोऱ्या आणि सावळ्या त्वचेवर जवळपास सारखाच. पण खालचा रंग गडद असल्याने तो उठून दिसतो. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचे हाड इथली चमक चुकली तर अख्खा चेहरा चुकतो. आपला माणूस थंडीत आणि कोरड्या हवेत आहे: गालांवर, ओठांवर रफनेस वाढवा, कोपरांवर पांढुरकी कोरड आणा, नाकाच्या कडेला आणि कपाळावर थोडे तेल राहू द्या. कपाळावर गंध असेल तर ते साफ कोरडे, खडबडीत, भेगाळलेले. सबसरफेसचे, म्हणजे त्वचेत झिरपणाऱ्या उजेडाचे, प्रमाण धड्यात सांगतात त्याहून कमी ठेवा. कान दिव्यामागे धरल्यावर तांबूस उजळले की पुरे.

केस आणि मिशा पट्ट्यांवर पारदर्शकतेने करतात. त्यातली मेख एकच: प्रत्येक पट्टीला मुळाशी गडद आणि टोकाशी किंचित फिका रंग द्या, आणि धुळीला केसही अपवाद नाहीत.

कापड आणि झीज

विल्यम पर्किन यांनी पहिला कृत्रिम रंग १८५६ मध्ये शोधला. त्याआधी नीळ, मंजिष्ठ, आल, हळद, कुसुंबा. म्हणजे भडक जांभळा, झगझगीत गुलाबी बारगिराच्या अंगावर नको. कुसुंब्याचा तांबडा उन्हात लवकर उडतो, निळीचा निळा टिकतो पण घड्यांच्या कडेला घासून फिका होतो. शेल्याच्या घडीच्या आत मूळ रंग आणि बाहेर विटलेला, असे केले की कापड जुने झाल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

घोंगडे दख्खनी मेंढीच्या लोकरीचे, जाडेभरडे. विणणारे त्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवे घोंगडे ताठ असते आणि वापरून मऊ पडते. आपल्याला वापरलेले हवे: कडा सैल, खांद्यावर गोळे आलेले, शेकोटीच्या ठिणग्यांची बारीक भोके. पोतासाठी खरे घोंगडे गावाहून मागवता आले तर उत्तम. नाही तर पानिपतच्याच बाजारात जा. आज हे शहर जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढून कांबळी विणण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या कांबळ्याची भरड वीण घोंगड्याच्या पुष्कळ जवळची.

आता झीज. सबस्टन्स पेंटरमध्ये 'स्मार्ट मटेरियल' ओढून टाकले की सगळ्या कडा एकसारख्या झिजतात, सगळ्या खाचांत एकसारखी घाण भरते. ते वापरा, पण त्याचा मास्क हाताने खोडायला शिका. प्रश्न एवढाच: हा माणूस दिवसभर करतो काय? घोड्यावर बसतो. म्हणून चोळण्याची आतली मांडी आणि बूड घासून पातळ व किंचित गुळगुळीत. पोटऱ्यांच्या आतल्या बाजूला घोड्याच्या घामाचे पांढरट, खारवलेले काठ. लगाम डाव्या हातात, म्हणून त्या हाताची बोटे आणि बाहीचा काठ जास्त मळके. तलवारीचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला, त्याच्याखाली अंगरख्याचा रंग टिकलेला आणि कडेला घासलेला. पाठीवर ढाल टांगलेली, म्हणून पाठीच्या मध्यावर कापड दबलेले. पागोट्याच्या पुढच्या कडेला घामाची काळी रेघ. पायांपासून गुडघ्यापर्यंत ती पानिपतची फिकट धूळ, वर जात विरळ होणारी. धुळीने रफनेस वाढतो आणि धातूवर ती मेटॅलिक शून्य करते. थर चढवताना तिन्ही चॅनल एकदम बदलले पाहिजेत.

आणि एखादी जागा कोरी ठेवा. सगळीकडेच डाग असले की डोळा कुठेच ठरत नाही. चेहरा, हात आणि तलवारीची मूठ इथे बारकावे गोळा करा. घोंगड्याचा मोठा काळा भाग शांत राहू द्या.

इंजिनात नेताना

२०४८ च्या एका पानात ४१,९४,३०४ पिक्सेल. चार चॅनलांसह न दाबता त्याचे १६ एमबी होतात. बीसी-७ पद्धतीने दाबले तर ४. एओ, रफनेस आणि मेटॅलिक हे तीन करडे मॅप एकाच चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनलांत भरा. म्हणजे एका पानामागे बेस कलर, नॉर्मल आणि हे तिसरे, अशी तीनच चित्रे. लहान प्रती धरून १६ एमबी. तेच ४०९६ चे केले तर ६४. मोबाइलच्या गेमला याचाही चौथा हिस्सा मिळेल न मिळेल, तेव्हा १०२४ वर उतरवून पात्र अजून ओळखू येते का ते पाहा. येत नसेल तर तुम्ही बारकाव्यांच्या भरवशावर होता.

इंजिनात फक्त बेस कलरला एसआरजीबीची खूण ठेवा, बाकीच्यांची काढा. ती राहून गेली की रफनेसचे सगळे आकडे सरकतात, आणि शिकणारा तासन्‌तास पेंटरमध्ये चूक शोधत बसतो. पात्र निदान तीन उजेडांत तपासा: भर दुपार, ढगाळ सकाळ, एकच शेकोटी.

यंत्राचे म्हणाल तर आठ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि ३२ जीबी रॅम यांवर हे सगळे आरामात होते. नेहरू प्लेसला जाण्याआधी यादी लिहून न्या आणि तिथे गेल्यावर यादीला चिकटून राहा. पैसे उरले तर ते चांगल्या आयपीएस मॉनिटरवर घाला. सॉफ्टवेअरसाठी ब्लेंडर मोफत आहे आणि शिकायला पुरेसे. पण स्टुडिओत बहुधा सबस्टन्स पेंटर चालते, तेव्हा त्याचा विद्यार्थी परवाना मिळतो का ते पाहा. चोरून उतरवलेल्या प्रतीवर पोर्टफोलिओ करू नका.

नमुना मांडताना सुंदर चित्रे दोन-तीनच पुरेत. त्यांच्याशेजारी नुसता बेस कलर, नुसता रफनेस, यूव्हीची पाने, त्रिकोणांची संख्या आणि स्वतः काढलेल्या संदर्भफोटोंचा फलक ठेवा. तपासणारा लीड आर्टिस्ट सुंदर चित्रावरून रफनेसकडेच जातो. आर्ट टेस्ट आली तर दिलेले नामकरण, दिलेला आकार, दिलेली मुदत तंतोतंत पाळा. २०४८ मागितले असताना ४०९६ पाठवणे हा उत्साह नव्हे, वाचले नसल्याचा पुरावा ठरतो.

बारगीर झाला की पुढच्या पात्रासाठी लांब जावे लागत नाही. ११ सप्टेंबर १८०३ ला पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांची कवायती फौज इंग्रजांच्या जनरल लेकच्या फौजेशी लढली. या लढाईचा स्मृतिस्तंभ नोएडाच्या गोल्फ कोर्सवर आहे. त्या शिपायाच्या हाती बंदूक, बोटांवर दारूची काजळी, आणि महिना सप्टेंबरचा, म्हणजे यमुनाकाठची ओल. भिजलेले सूत गडद होते आणि त्याचा रफनेस उतरतो, भिजलेले लोखंड मात्र गडद होत नाही. कोरड्या धुळीनंतर ओला चिखल करून पाहा. दोन्ही पात्रे पोर्टफोलिओत शेजारी शेजारी ठेवा.